कठीण काळात माणसाची आशा नेमकी कशावर टिकते?

आगरवाट (धागाकर्ता)

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. वर्ष पुरे होण्याच्या आतच, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळाने किनारपट्टी झोडपली. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले आणि महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. टाळेबंदीचे ओझे होतेच. या सबंध काळात 'आशा सोडू नका' हे वाक्य आपण पुढाऱ्यांकडून, पाहुण्यांकडून आणि मोबाइलवरच्या सुविचारांतून इतक्या वेळा ऐकले की ती न सोडण्यासाठी हातात नेमके काय धरायचे, हे विचारायचे राहूनच गेले.

मला पडलेला प्रश्न असा आहे. सारखेच नुकसान झालेल्या दोन घरांपैकी एक घर महिन्याभरात हालचाल करू लागते आणि दुसरे दोन-तीन वर्षे जागचे हलत नाही. हा फरक आपण स्वभावावर ढकलून मोकळे होतो. 'ते पहिल्यापासून खंबीरच' किंवा 'त्यांनी हायच खाल्ली' असे म्हटले की विषय संपतो. मला हे स्पष्टीकरण पटत नाही, कारण एरवी खंबीर म्हणून गणलेली माणसे बसून राहिलेली मी पाहिली आहेत आणि सदा कुरकुरणारी माणसे कोयता घेऊन वाडीत उतरलेलीही पाहिली आहेत.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी १९९१ च्या सुमारास आशेची जी मांडणी केली, ती मला इथे उपयोगाची वाटते. त्यांच्या मते आशेला तीन गोष्टी लागतात. गाठायचे असे काहीतरी समोर असावे लागते, तिथपर्यंत जाण्याच्या वाटा सुचाव्या लागतात, आणि त्या वाटेने आपण चालू शकू असे स्वतःबद्दल वाटावे लागते. पहिली वाट बंद झाली तर दुसरी सुचणे, हा त्यातला कळीचा भाग आहे. 'सगळे ठीक होईल' हा विश्वास या तिन्हींत कुठेच बसत नाही. तो असला तर वाईट नाही, पण त्याच्या जोरावर कोणी उठून कामाला लागतो असे नाही.

पोफळीच्या वाडीतले उदाहरण देतो, कारण ते मी जवळून पाहिले. मोडलेली वाडी म्हणजे केवळ पडलेली झाडे नव्हेत. खोडे एकमेकांवर अशी आडवी-तिडवी पडतात की विहिरीपर्यंत जाता येत नाही, पंपाचा पत्ता लागत नाही, आणि पोफळीवर चढवलेली मिरी आणि खालची जायफळाची झाडे त्या ढिगाऱ्याखाली चिरडलेली असतात. त्यात पाऊस तोंडावर. खोडे कापायला यांत्रिक करवत लागते, ती चालवणारा माणूस मिळत नाही, आणि कापलेली खोडे टाकायची कुठे हा प्रश्न उरतोच. हे सगळे आटोपले तरी नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, आणि तिच्या रोपाला सावली हवी असते. ती सावली द्यायला आता वर काहीच शिल्लक नाही. साठीच्या माणसाने या हिशेबाकडे पाहून घरात जाऊन झोपावे, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

जे उठले त्यांनी सहा-सात वर्षांकडे पाहिलेच नाही, असे माझे निरीक्षण आहे. त्यांनी आधी केळी लावल्या. केळ वाढली की पोफळीच्या रोपाला सावली मिळते आणि वर्षभरात घडही हाती येतो. म्हणजे लांबच्या गोष्टीकडे जाणारी अशी एक वाट सापडली की जिचे पहिले पाऊल याच पावसाळ्यात टाकता येत होते. ज्यांना कोणी ही वाट दाखवली नाही, किंवा ज्यांच्याकडे केळी लावण्यापुरतीही मोकळी जागा करून घ्यायला माणसे नव्हती, ते बसून राहिले. सरकारने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजारांची मदत जाहीर केली, पण आपल्याकडे जमीन हेक्टरांत कोणाची आहे? दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने पाचएक हजार येतात. तेवढ्यात करवतीचे भाडेसुद्धा भागत नाही. तेव्हा आशा ही जितकी मनातली बाब आहे तितकीच ती आजूबाजूच्या सोयींची, माणसांची आणि पैशांची बाब आहे, असे मला वाटते. सभासदांनी आपली मते जरूर मांडावीत, विरोधी असली तरी चालतील.

जुना मास्तर

लेख पटला. 'पहिली वाट बंद झाली तर दुसरी सुचणे' याला आपल्याच मातीतले उदाहरण आहे, ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. १८५८ साली खेड तालुक्यातल्या शेरवलीत जन्मलेले आणि दापोलीजवळच्या मुरुडला वाढलेले कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी भर पावसात सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेले. ही शंभरएक मैलांची पायपीट होती. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पुरी लागत. ती त्यांची झालेली होती, पण चण लहान. परीक्षा मंडळाच्या प्रमुखांनी 'तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस' म्हणून त्यांना बसूच दिले नाही. मुलगा परत आला आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाला.

विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगताना आपण शिक्षक मंडळी 'केवढी जिद्द' एवढ्यावर थांबतो. मला मात्र त्यातला कोल्हापूरचा भाग महत्त्वाचा वाटतो. साताऱ्याच्या नावाने बोटे मोडत बसण्यापेक्षा परीक्षा आणखी कुठे देता येते, ही चौकशी त्यांनी केली. पुढे १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्यावर त्याच मुरुडने त्यांना वाळीत टाकले, तेव्हाही त्यांनी काम थांबवले नाही. १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम उभा राहिला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. गावाने दार लावून घेतले तरी ते बाहेर काम करीत राहिले. स्वभावाने कर्वे भिडस्त आणि अबोल होते, हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण आशावादी माणूस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोणी फर्डा वक्ताच येतो.

गिरणगावचा मुलगा

धागाकर्त्यांशी आणि मास्तरांशी माझा मतभेद आहे, तो स्पष्टपणे मांडतो. आशेचे गुणगान करताना तिने केलेले नुकसान कोणी मोजत नाही.

माझे वडील राजापूर तालुक्यातले, परळला गिरणीत कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हे शेवटचे वाक्य नीट वाचावे, ही विनंती. संप हरला असे कोणी जाहीर केले असते, तर माणसे रडली असती आणि दुसऱ्या कामाला लागली असती. तसे न झाल्यामुळे आमच्या गावात परतलेले कितीतरी कामगार 'गिरणी सुरू होईल, बोलावणे येईल' या आशेवर वर्षानुवर्षे राहिले. वडिलांनी गिरणीचा पास प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला होता आणि तो खराब तर झाला नाही ना, हे ते अधूनमधून काढून पाहत. गावात चिऱ्याच्या खाणीवर मुकादमीचे काम चालून आले होते. ते त्यांनी घेतले नाही, कारण ते घेतले तर आपणच संप सोडल्यासारखे होईल, असे त्यांना वाटे. मनीऑर्डर यायची बंद झाली आणि आईने काजूच्या कारखान्यात बिया सोलून घर चालवले. हातांना लागलेल्या चिकाचे डाग मी पाहिले आहेत.

वडिलांपाशी उद्दिष्ट होते आणि हिंमतही होती. वाट मात्र एकच होती आणि ती दुसऱ्याच्या हातात होती. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी छळछावणीतल्या आठवणींत नोंदवले आहे की १९४४ च्या नाताळपासून १९४५ च्या नववर्षापर्यंतच्या आठवड्यात तिथले मृत्यू एकाएकी वाढले. नाताळपर्यंत आपण घरी जाऊ, अशी अनेकांनी समजूत करून घेतली होती आणि नाताळ उलटला तेव्हा ती माणसे खचली, असा छावणीच्या डॉक्टरांचा कयास होता. २०२० मध्ये मुंबईत अडकलेले आमचे चाकरमानी 'गणपतीपर्यंत सगळे सुरळीत होईल' असे म्हणत होते, तेव्हा मला हेच आठवत होते. तारखेला टांगलेली आशा ती तारीख उलटल्यावर माणसाला खाली आपटते.

वाशिष्ठीकाठ

वरच्या प्रतिसादातला शेवटचा मुद्दा मान्य. पण आशा एकट्याने करायची गोष्ट आहे असे या धाग्यात नकळत गृहीत धरले जात आहे, त्यावर थोडे लिहितो.

चिपळूणच्या बाजारपेठेत माझे दुकान आहे. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, त्यामुळे २०२१ मध्ये माल पोटमाळ्यावर चढवला की काम झाले, असा सगळ्यांचा अंदाज होता. पाणी पोटमाळ्याच्याही वर गेले. ओसरल्यावर दुकानात गुडघाभर चिखल, तोही नुसता मातीचा नव्हे. शेजारच्या दुकानांतले तेल, खत, औषधे, कुजलेले धान्य सगळे एकत्र मळलेले. शटर चिखलाने आतून दाबले गेल्यामुळे वर जाईना. उधारीच्या वह्या भिजून त्यांच्या विटा झाल्या होत्या, आणि कोणाकडून किती येणे आहे हे कळायला मार्ग उरला नाही.

त्या वेळी मला आशा वगैरे काही वाटत नव्हती, हे प्रांजळपणे सांगतो. बाहेरगावची काही मुले फावडी घेऊन आली आणि मला न विचारताच त्यांनी शटर कापले. ती चिखल उपसू लागल्यावर मालकाने उभे राहून पाहणे बरे दिसेना, म्हणून मी घमेले उचलले. संध्याकाळी फरशीचा एक कोपरा दिसला. आधी आशा आणि मग काम, असा क्रम सगळे सांगतात. माझ्या बाबतीत तो उलटा होता. काही गिऱ्हाइके पुढे आपण होऊन उधारी द्यायला आली, काही आली नाहीत. तो वेगळा विषय.

दुसरी गोष्ट गाळाची. वाशिष्ठी आणि शिवनदी गाळाने भरल्या आहेत हे लहान पोरही सांगत असे, पण तो गाळ काढायला हवा यासाठी चिपळूणकरांना उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कुठे काम हलले. पाऊस आमच्या हातात नाही, गाळाचे काम मात्र मागून, भांडून करून घेता येते. हे एकदा कळल्यावर जुलै महिन्यातली झोप थोडी बरी लागते.

आगरवाट (धागाकर्ता)

तिघांनीही फार मोलाचे लिहिले आहे. वाशिष्ठीकाठ यांनी सांगितलेल्या उलट्या क्रमाला प्रयोगाचा आधार आहे, तो येथे देतो.

१९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. प्रयोग क्रूर होते, आज ते करू दिले जाणार नाहीत. काही केले तरी थांबत नाही असा विजेचा झटका सोसलेली बरीच कुत्री नंतर, समोरचा बुटका अडथळा ओलांडला की सुटका होत असूनही, जागेवरच पडून राहत. ती परिस्थितीपुढे हतबल व्हायला शिकली, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला. या कुत्र्यांना पलीकडे आणण्यासाठी आमिष दाखवून उपयोग झाला नाही. उपाय लागू पडला तो एकच. त्यांना पट्ट्याने ओढून पुन्हा पुन्हा पलीकडे न्यायचे. सुरुवातीला जोर लावावा लागे, मग तो कमी होत जाई, आणि शेवटी कुत्रे आपण होऊन ओलांडे.

पुढे जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी आपला निष्कर्ष फिरवला. मेंदूच्या अभ्यासातून त्यांना असे दिसले की दीर्घकाळ मार बसल्यावर गप्प पडून राहणे ही मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते 'माझ्या करण्याने काही फरक पडतो' हे. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. बसून राहिलेल्या माणसाला आळशी किंवा कच्च्या मनाचा ठरवण्याचा आपला हक्कच त्याने संपतो. आणि सुविचार पाठवून तो उठणार नाही, हेही त्यातून दिसते. त्याच्याबरोबर कोणीतरी घमेले उचलायला हवे.

गिरणगावचा मुलगा यांच्या मुद्द्यावर माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. स्नायडर यांची मांडणी त्या बाबतीत अपुरी पडते, हे मान्य करायला हवे. कार्स्टन व्रॉश या मानसशास्त्रज्ञांचे काम मात्र याच विषयावर आहे. न साधणारे उद्दिष्ट सोडता येणे आणि त्याच्या जागी नवे धरता येणे, या दोन्ही क्षमता असलेल्या माणसांची प्रकृती आणि मनःस्थिती अधिक चांगली असते, असे त्यांना आढळले. आपल्या वडिलांना सोडण्याची परवानगी कोणी दिली नाही, असे आपले लेखन वाचून वाटले.

बंदरपट्टा

आम्ही मच्छीमार लोक आशेबद्दल फार बोलत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत जाळी दुरुस्त होतात, होडीची डागडुजी होते, इंजिन खोलले जाते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की हंगाम कसा जाईल हे दर्याने ठरवायचे. २०१९ मध्ये ऐन हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला, क्यार आणि महा अशी दोन वादळे लागोपाठ आली आणि होड्या बंदरातच उभ्या राहिल्या. खलाशांचा पगार मात्र उभा राहत नाही. अशा वेळी 'सकारात्मक राहा' म्हणणाऱ्याला आम्ही चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. चर्चेत एक बाजू राहिली आहे, ती अशी की आशा पूर्ण संपणे ही जिवावर बेतणारी गोष्ट असू शकते, आणि ती ओळखता येते.

मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हताशपणा मोजण्यासाठी २० विधानांची प्रश्नावली तयार केली. पुढे १९८५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आत्महत्येच्या विचारांमुळे दाखल झालेल्या रुग्णांचा पाच ते दहा वर्षे मागोवा घेतला होता. नैराश्य किती तीव्र आहे यापेक्षा 'पुढे काहीच नाही' ही भावना किती घट्ट आहे, यावरून पुढचा धोका अधिक चांगला ओळखता आला. रात्री रुग्णांशी बोलताना मीही हेच पाहते. रडणाऱ्या माणसाची मला तितकी काळजी वाटत नाही. पुढच्या महिन्याचे, पुढच्या शिमग्याचे, मुलीच्या बारावीचे काहीच बोलत नाही आणि विचारले तर 'बघू' म्हणून विषय सोडून देतो, त्या माणसाच्या खाटेजवळ मी परत जाते.

अशा माणसाला 'जीव द्यावा असा विचार येतो का' हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. क्रमांक देऊन मोकळे होऊ नये. फोन लावून द्यावा आणि शेजारी बसावे.

सुभाषितप्रेमी

आशा ही एक अजब बेडी आहे, तिने बांधलेले धावत सुटतात आणि तिच्यातून सुटलेले पांगळ्यासारखे बसून राहतात, अशा अर्थाचे संस्कृत सुभाषित शाळेत पाठ केले होते. कवीने ते बहुधा उपरोधाने लिहिले असावे, पण धागाकर्त्यांनी दिलेल्या प्रयोगाशी ते किती जुळते!

कलमवाला

पहिल्यांदाच लिहीत आहे. माझे काका रत्नागिरी तालुक्यात हापूसची बाग सांभाळतात. अवकाळी पाऊस आणि थ्रिप्स (फुलकिडे) यांमुळे गेले काही हंगाम वाया गेले, फवारणीचा खर्च मात्र दरवर्षी वाढतो आहे. पीककर्ज थकले आहे. बँकेची पत्रे ते न फोडता देव्हाऱ्याच्या खालच्या खणात टाकतात. जेवतात, बोलतात, पण बागेत जात नाहीत आणि काही विचारले की 'यंदा मोहोर चांगला आहे, होईल सगळे' असे म्हणतात. हे आशेचे लक्षण समजावे की उलट?

रात्रपाळी

मला तरी हे आशेचे लक्षण वाटत नाही. बागेत न जाता मोहोर चांगला आहे असे ते कशावरून म्हणतात? गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन संशोधिकेने नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास केला होता. उत्तम नोकरी मिळाल्याची गोड चित्रे जे मनात वारंवार रंगवत, त्यांनी अर्ज कमी केले आणि त्यांना नोकऱ्याही कमी मिळाल्या. मनात काम होऊन गेले की हात हलत नाहीत.

काकांना समजावत बसू नका. एक दिवस सवड काढून त्यांच्याबरोबर ती पत्रे फोडा आणि तारखांप्रमाणे लावा. फोडायची त्यांनीच, तुम्ही फक्त वाचून दाखवा. सगळी एका बैठकीत झाली नाहीत तरी चालेल. आणि मागच्या प्रतिसादात लिहिलेला प्रश्न त्यांना एकांतात जरूर विचारा.

गिरणगावचा मुलगा

रात्रपाळी ताईंच्या सल्ल्यात थोडी भर घालतो. पत्रे लावून झाल्यावर काका बँकेत जातील आणि साहेब कर्जाच्या पुनर्गठनाला कदाचित नाही म्हणतील. ते होणार हे धरूनच जावे. नाही म्हटल्यावर पुढे कोणाकडे अर्ज करायचा, जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे की कृषी अधिकाऱ्यांकडे, हे आधी कागदावर लिहून काकांच्या खिशात ठेवा, म्हणजे नकार घेऊन ते थेट घरी येणार नाहीत. आणि त्यांच्याबरोबर तुम्ही जा. जाताना पीकविम्याचे कागद, सातबारा आणि आठ-अ घ्यायला विसरू नका.